चौथा चौकोन

आईच्या डाव्या गुडघ्याखाली जुन्या रुपयाएवढा वण आहे. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायचे, "हे काय गं?" ती म्हणायची, "ते आमचं ग्राऊंड." मला वाटायचं, ती उत्तर टाळतेय. मोठी झाल्यावर कळलं की ती खरंच सांगत होती. सूर मारताना गुडघा फुटला, मुरमाचे चार खडे आत राहिले आणि वरून कातडी धरली. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या कॉलेजच्या मैदानाची चिमूटभर माती ती पन्नास वर्षं अंगात घेऊन हिंडते आहे. गेल्या डिसेंबरात ती माती विमानात बसून आमच्याकडे टॅम्पिनीसला आली.

टॅम्पिनीस हे सिंगापूरच्या पूर्वेचं गाव. गाव म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. उंच इमारतींच्या रांगाच रांगा आहेत. पूर्वी इथे वाळूच्या खाणी होत्या, आणि त्याआधी जंगल. तेंपिनिस नावाचं एक झाड या भागात वाढायचं, त्यावरून हे नाव पडलं. त्याचं लाकूड लोखंडासारखं कठीण. हे आईला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे खांबाला चांगलं." तिच्या लेखी लाकडाचा पहिला उपयोग खो-खोचा खांब.

मी तिला पहिल्यांदा 'अवर टॅम्पिनीस हब'मध्ये नेलं तो दिवस लक्षात आहे. जुनं स्टेडियम पाडून त्या जागी ही मोठी वास्तू बांधली, २०१७ साली तिचं उद्घाटन झालं. वाचनालय, पोहण्याचे तलाव, खाण्याच्या टपऱ्या, सरकारी कामाच्या खिडक्या, सगळं एका छताखाली, आणि या सगळ्याच्या मधोमध हिरवंगार फुटबॉलचं मैदान. टॅम्पिनीस रोव्हर्सचे सामने तिथेच होतात. पुस्तक बदलायला आलेला माणूस जाता जाता कठड्याशी थांबतो आणि दोन मिनिटं खेळ बघतो. आई कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "यांनी मैदान घराच्या अंगणासारखं ठेवलंय. येता-जाता नजर पडते." तिच्या कॉलेजचं मैदान इमारतीच्या मागे, ओढ्याच्या कडेला होतं. मुली खेळतात म्हणून मुद्दाम मागे, असं तिचं मत. बघायला कोणी नसायचं. तिथे काय घडलं हे नऊ-दहा जणींनाच माहीत.

चालत फिरताना एकदा मी तिला टॅम्पिनीस अव्हेन्यू ९ वर टॅम्पिनीस ज्युनिअर कॉलेज होतं ती जागा दाखवली. इथलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी दोन वर्षं, फक्त प्रत्येकाचा स्वतंत्र संसार: गणवेश, झेंडा, गीत, खेळांचे संघ. हे कॉलेज १९८६ साली निघालं. मुलांची संख्या घटत चालली म्हणून २०१९ साली सरकारने आठ ज्युनिअर कॉलेजांची चार केली. त्यात हे मेरिडियन ज्युनिअर कॉलेजात मिळालं आणि पासिर रिसला, मेरिडियनच्याच जागेत गेलं. नव्या नावात 'टॅम्पिनीस' पहिलं ठेवलं आहे, टॅम्पिनीस मेरिडियन. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि यांच्या खेळाडूंचा सत्कार आता कुठे करणार?"

तिच्या मनात हा प्रश्न का आला, ते मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात तिच्या कॉलेजचं पत्र फोनवर आलं होतं. १५ जानेवारीला माजी खेळाडूंचा सत्कार, १९७२ ते ७४ च्या मुलींच्या खो-खो संघाला विशेष निमंत्रण. आणि आई इथे, समुद्रापार. तिकीट बदलून घेऊ, मी म्हटलं. नको म्हणाली. पण त्या रात्री तिने ते पत्र माझ्या मुलीकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतलं.

१५ जानेवारी हा पैलवान खाशाबा जाधवांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात आता तो राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळतात. खाशाबा सगळ्या देशाचे खरे, पण आधी ते एका कॉलेजचे खेळाडू होते, हे आपण फार लवकर विसरतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा टिळक हायस्कुलातून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. १९४८ ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उतरून सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका कॉलेजच्या प्राचार्याने, एका विद्यार्थ्यासाठी, राहतं घर! ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की ती गुळगुळीत व्हायला हवी होती. मला मात्र दर वेळी ती ऐकताना त्या घरातल्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. कागदावर सही झाली, त्या रात्री स्वयंपाकघरात काय बोलणं झालं असेल?

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी ब्राँझपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्या लढून पैसे जमवले आणि खर्डीकरांचं घर सोडवलं. गावातल्या घराला नाव दिलं 'ऑलिम्पिक निवास'. १९५५ ला ते पोलिसात फौजदार म्हणून लागले, १९८४ ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. त्यांच्या वाट्याला मान उशिरा आला याची खंत मराठी माणूस नेहमी बोलून दाखवतो, आणि ती खरी आहे.

मला मात्र आणखी एका माणसाची आठवण काढायची आहे. त्याच हेलसिंकीत, त्याच कुस्तीच्या संघात केशव माणगावे होते. ६२ किलो गटात ते चौथे आले. चौथे! जगात चौथा आलेला पैलवान, आणि त्याचं नाव सांगितलं तर कोल्हापूरबाहेर किती माना हलतील? तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मध्ये पदकाएवढी फट असते आणि त्या फटीतून माणसंच्या माणसं खाली पडतात. वर्तमानपत्राला एवढंच दिसतं, ते समजू शकतं. पण तालमीने, शाळेने, कॉलेजने तरी चौथ्याचं नाव तिसऱ्याइतकंच नीट उच्चारायला हवं. त्यांनी त्याला घाम गाळताना पाहिलेलं असतं.

सिंगापूरच्या लोकांकडून मी या बाबतीत एक गोष्ट शिकले. इथले सी. कुनालन आधी फुटबॉल खेळायचे, पुढे धावपटू झाले, पेशाने शिक्षक. १९६८ साली मेक्सिकोत ते १०० मीटर १०.३८ सेकंदांत धावले. हा राष्ट्रीय विक्रम ३३ वर्षं टिकला. २००१ मध्ये यू. के. श्याम १०.३७ मध्ये धावला तेव्हा तुटला. एका शतांशाने. तो जुना आकडा अजून इथल्या वयस्कर माणसांच्या तोंडात असतो. टॅन हाव लियांग यांनी १९६० ला रोममध्ये वेटलिफ्टिंगचं रौप्य जिंकलं, सिंगापूरचं पहिलं ऑलिम्पिक पदक. पुढचं मिळालं २००८ ला, बीजिंगमध्ये. टॅन २०२४ च्या डिसेंबरात गेले तेव्हा बातम्यांत पुन्हा ते सगळं आलं: कुठलं वर्ष, कुठलं शहर, कुठला गट. मला वाटतं, मान देणं म्हणजे अशी नेमकी आठवण ठेवणं. 'थोर खेळाडू' म्हटलं की माणूस पुसट होतो, १०.३८ म्हटलं की तो पुन्हा धावायला लागतो.

आणि आईच्या बाबतीत नेमकं काय आठवायचं? ती चौथ्या चौकोनात बसायची. मधली जागा. माझ्या मुलीला खो-खो ठाऊक नाही, म्हणून आईने एकदा जेवणाच्या टेबलावर आठ बदाम ओळीने मांडले. एकाचं टोक खिडकीकडे, पुढच्याचं दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. दोन टोकांना दोन वाट्या, ते खांब. नवव्या, पाठलाग करणाऱ्या बदामाला ती बोटाने पळवत होती. "पळणारी कधी मधली ओळ ओलांडून जाऊ शकते, पण हिला ते नाही. हिला एकच दिशा. उलट फिरायचं नाही. मग ती काय करते? पाठीमागून येऊन बसलेलीला हात लावते आणि म्हणते खो. मग ही तिच्या जागी बसते, ती उठते." बदामांची अदलाबदल झाली. "गडी बाद करते ती शेवटची. खांबावरची, नाहीतर सूर मारणारी. लोकांना तीच दिसते. पण तिच्यापर्यंत खो पोचवावा लागतो. मधल्या मुलीने घाईत हात लावायच्या आधी खो म्हटलं तर फाऊल. बसलेली आधीच उठली तर फाऊल. मी तीन वर्षांत एक फाऊल दिला नाही."

तीन वर्षांत एक फाऊल नाही. गुणपत्रिकेवर हे कुठे लिहीत नाहीत. गडी किती टिपले ते लिहितात, किती मिनिटं पळाली ते लिहितात. दिलेल्या खोंची मोजदाद कोणी ठेवत नाही. हे माहीत असतं फक्त त्या मुलीला, जिच्या पाठीवर तो हात पडला. म्हणून जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचा तर सगळा संघ एकत्र बोलवावा लागतो. त्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. आणि एकेक कमी होत गेली की साक्षही कमी होत जाते.

१५ तारखेला इथे दिवसभर पावसाची झड होती. तिथले पाच म्हणजे इथले साडेसात. आई सहालाच केस विंचरून, नारिंगी काठाची साडी नेसून बसली. फोन आम्ही साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. तिथे कोणीतरी फोन धरून पहिल्या रांगेत बसलं होतं. मांडव, टेबलावरचे नारळ, शाली, मागे ते मैदान आणि त्यापलीकडे ओढ्याची झाडं. आई पुढे वाकली. "बाभळी राहिल्यात अजून," म्हणाली.

नावं पुकारायला लागले. प्रत्येक नावाला एकेक पांढऱ्या केसांची बाई उठत होती. एक काठी टेकत, एक नातवाचा हात धरून. दोन नावांना कोणी उठलं नाही. त्यांच्या मुली पुढे आल्या आणि शाल घेतली. आईने दोन्ही वेळा हात जोडले. मग तिचं नाव आलं. निवेदन करणारा मुलगा तरुण होता, कागदावरून वाचत होता. म्हणाला, "आपल्या कॉलेजच्या गुणी कबड्डीपटू, सध्या परदेशात असल्यामुळे..."

आई काही बोलली नाही. पदर नीट केला. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. पन्नास वर्षांनी एकदा नाव पुकारलं, आणि खेळच दुसरा!

तेवढ्यात मांडवातून एक आवाज आला. खणखणीत, म्हातारा, सवयीचा हुकमी आवाज. "खो-खो म्हण बाळा! चौथ्या चौकोनात बसायची ती. तिचा खो कधी फाऊल गेला नाही." फोन धरणाऱ्याने तो वळवला. काठी टेकणारी ती बाई उभी राहिली होती. ती खांबावरची होती, हे मला आईने नंतर सांगितलं. निवेदक मुलाने कागद खाली ठेवला. माईक तोंडाशी धरून तो म्हणाला, "माफ करा आजी. खो-खोपटू. चौथा चौकोन." आणि मग त्याने ते पुन्हा एकदा, आईच्या नावासकट, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. टाळ्या वाजल्या त्या फोनमध्ये नुसत्या खरखरल्यासारख्या ऐकू आल्या.

शाल तिच्यासाठी त्या काठीवालीने घेतली. घडी मोडली नाही, छातीशी धरली आणि थेट फोनच्या काचेत बघून म्हणाली, "ये परत. तुझ्याकडेच देणार आहे." आई हसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "आधी तुझा गुडघा दाखव डॉक्टरला," म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ती उठली नाही. माझ्या मुलीला म्हणाली, "इकडे ये. टेबलावर नाही कळायचं ते." आणि ७२ वर्षांची माझी आई हॉलच्या फरशीवर उतरली. टाचांवर नाही, चवड्यांवर. हाताची बोटं पुढे टेकलेली, मान किंचित वळवलेली, नजर दाराकडे. नारिंगी काठ फरशीवर पसरला. मी आयुष्यात तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. बाहेर पावसात समोरच्या इमारतीचे दिवे विरघळत होते.

"मागून ये. पळत ये. आधी पाठीवर हात, मग आवाज. दोन्हींत अंतर नको, पण हात आधी."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेली. धावत आली, आजीच्या पाठीवर तळवा ठेवला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "खो!"

आई उठली. गुडघ्याला हात न लावता.