पोच

पत्र रवाना झाले म्हणजे ते पोहोचले, असे मानणाऱ्या मनुष्याने सरकारी कचेरीत येऊ नये. केंद्र सरकारच्या कारकुनीत दिल्लीस आमची बारा वर्षे गेली. एवढ्या काळात नुसत्या जावक क्रमांकाने आमचे समाधान कधी झाले नाही. समाधान होते ते पोच आल्यावर. हेच तत्त्व एका गणकयंत्रालाही ठाऊक असावे, हे मात्र आम्हांस अगदी अलीकडे कळले.

हे यंत्र आमच्या थोरल्या चुलतबंधूंचे. १९९९ साली ते शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि तेथे त्यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८३ घेतले. १९९६ साली निघालेले हे यंत्र समीकरणाचा आलेख काढते आणि त्यात लहान लहान प्रोग्रामही लिहिता येतात. दादा गेल्या वर्षी तिकडेच निवर्तले. वहिनींनी यंत्र आमच्याकडे पाठविले, सोबत एकच ओळ: “भावोजी, आत काय आहे ते पाहता आले तर पाहा.”

पाहणे सोपे नव्हते. पडद्यावरच्या अनेक उभ्या रेघा विझल्या होत्या. अक्षराला अक्षर लागत नव्हते. शिवाय या यंत्राची स्मृती विजेवर जगते. चार बारीक सेल आणि त्यांच्या पाठीशी नाण्याएवढा एक लिथियमचा सेल. दोन्ही संपले की पाटी कोरी. आतला मजकूर संगणकात उतरवून घेणे हाच मार्ग होता, आणि त्यासाठी तार हवी होती.

१९९०च्या दशकात विद्यार्थी अशी तार घरीच बनवीत. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटातून आम्ही प्रिंटरचा पंचवीस टाचण्यांचा प्लग, अडीच मिलिमीटरचा तीन भागांचा लहान प्लग आणि काही डायोड आणले. जुन्या पोर्टाचा एक संगणक भंगारवाल्याकडे मिळाला. तार बनली, जोडली, आणि पडद्यावर तुटक अक्षरांत उत्तर उमटले: ‘एरर इन एक्समिट’. दहा वेळा तेच.

तेव्हा यंत्राची भाषा समजून घेणे आले. दोनच तारा आणि एक भूमी. स्वस्थ असताना दोन्ही तारांवर दाब उभा असतो. शून्य सांगायचे तर पाठविणारा एक तार खाली ओढतो, एक सांगायचा तर दुसरी. घेणारा लगेच उरलेली तार खाली ओढून पोच देतो. मग पाठविणारा आपली तार सोडतो आणि अखेरीस घेणाराही सोडतो. प्रत्येक शून्याला आणि प्रत्येक एकाला हा सारा शिष्टाचार पुन्हा पहिल्यापासून! म्हणजे एक तार मुकी असेल, तर अर्धा मजकूर येईल ही आशाही व्यर्थ. पहिल्याच अक्षराची पोच अडणार.

मीटर लावून तपासले. तार मोकळी असता प्रत्येक जोड बोलत होता. यंत्रात खुपसली की मात्र एका तारेवर दाब दिसे, दुसरीवर शून्य. तेव्हा दोष डाखात नव्हता, डायोडातही नव्हता. तो खाचेत होता. बाजारच्या प्लगाचा प्लॅस्टिकचा खांदा जाड असल्याने टोक तळापर्यंत पोहोचत नव्हते. चाकूने तो खांदा मिलिमीटरभर तासला. प्लग टक्‌ आवाज करून आत बसला, आणि दोन्ही तारांवर दाब उभा राहिला.

त्या रात्री प्रोग्राम उतरले. बहुतेक अभ्यासाचे होते. तिघांची नावे मात्र ‘घरी१’, ‘घरी२’, ‘घरी३’. या यंत्रास घड्याळ नाही; तेव्हा आजची तारीख आपणच भरायची आणि प्रोग्रामने एका ठरलेल्या तारखेपर्यंतचे दिवस मोजून दाखवायचे, एवढेच त्यांचे काम. पहिल्यातली तारीख २००३ सालची होती, दुसऱ्यातली २००९ ची, तिसऱ्यातली २०१८ ची. नवी तारीख लिहिताना दादांनी जुनी पुसली नव्हती.

हे कळवावे की न कळवावे, याचा विचार आम्ही दोन दिवस केला. पण विचारणारीला उत्तर न देणे आमच्या रीतीत बसेना. तिन्ही प्रोग्राम स्वच्छ लिहून पाठविले.

आठवड्याने वहिनींचे उत्तर आले: “मिळाले. पहिली तारीख मला ठाऊक होती.”