हजेरीपटातला तारा

विद्यार्थ्यांचे चेहरे माझ्या पक्के लक्षात राहतात, असा माझा गेली वीस वर्षे समज होता. गेल्या दिवाळीत एका फोनने तो घालवला.

"सर, मी तुमच्या वर्गात होते. दिवाळी अंकातली माझी कथा वाचलीत?"

कथा मी वाचली होती; इतकेच नव्हे, दोघातिघांना आग्रहाने वाचायलाही दिली होती. लेखिकेचे नाव मात्र कुठल्याच बाकाशी जुळेना. "अगं, न आठवायला काय झालं!" मी बेधडक ठोकून दिले.

"कोण हो?" हिने विचारले.

"मराठी साहित्यातला नवतारा!" मी म्हणालो.

"बाबा, नवतारा नवा नसतोच मुळी," आमची कन्या म्हणाली. हल्ली ती आकाशदर्शनाला जाते, त्यामुळे घरात बोलायची सोय उरलेली नाही.

पण तिचे खरे होते. नवतारा हा शब्दच फसवा, आमच्या 'नवकाव्या'सारखा. तो असतो चांगला म्हातारा तारा. एक श्वेत बटू आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेत हजारो वर्षे गप्प बसलेला असतो. तो थर पुरेसा दाटला की त्याचा भडका उडतो, तारा हजारो पटींनी उजळतो आणि लोक म्हणतात, नवा तारा उगवला!

मग तिने जॉर्ज अल्कॉक यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडात पीटरबरोजवळ राहणारा हा शाळामास्तर. हाती एक जोडदुर्बीण. पण सुमारे 30,000 ताऱ्यांच्या जागा त्याला पाठ! नकाशा न उघडता त्याला कळे, की इथे काल कोणी नव्हते. जुलै 1967 मध्ये धनिष्ठा तारकापुंजात त्याला असाच एक उपरा दिसला. जुनी छायाचित्रे धुंडाळली, तर त्याच जागी बाराव्या प्रतीचा एक मिणमिणता तारा आधीपासून होता. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपलीकडचे दिसत नाही. त्याची दखल कोण घेणार? डिसेंबरात तोच नुसत्या डोळ्यांनी सहज दिसू लागला. 1991 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, अल्कॉकनी आपला पाचवा नवतारा शोधला, तो तर घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून.

त्या रात्री मी माळ्यावरून हजेरीच्या जुन्या वह्या काढल्या. (मी त्या टाकत नाही, हिचा त्यावर आक्षेप आहे.) तिसऱ्या वहीत ती सापडली. क्रमांक 87. वर्षभर हजर. निबंधाला दहापैकी पाच गुण आणि पुढे माझ्याच हातचा शेरा : 'अक्षर सुधारावे.'

म्हणजे जागेवर ती होतीच. दररोज 'हजर' म्हणत होती आणि मी मान खाली घालून टिंब देत होतो.

दुसऱ्या दिवशी फोन करून मी खरे ते कबूल केले. ती हसली. "ठाऊक होतं, सर. तुम्ही नावं कुठे घ्यायचात? नंबरच पुकारायचात."

हसण्यासारखे त्यात काय होते, मला कळले नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी वही मिटून नावे घ्यायला सुरुवात केली. अकराव्या नावाला अडलो. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे नुसताच पाहत राहिलो, तर तो बिचारा घाबरून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी काही केलं नाही."