खोगीरभरती
(जळगाव ते धुळे, सायकलवरून : लेखांक दुसरा)

दिवस पहिला : जळगाव ते एरंडोल

मागच्या लेखांकात सायकल घेतली, मेहरूण तलावाभोवती महिनाभर चकरा मारल्या आणि निवृत्तीनंतरचं पहिलं धाडस म्हणून लेकीकडे धुळ्याला सायकलने जायचं ठरवलं, इथवर सांगितलं होतं. आज निघाले.

सकाळी सहाला आकाशवाणी चौक ओलांडला. बांभोरीच्या पुलावर उजाडलं. खाली गिरणेत पाणी बेताचंच. केळीच्या गाड्या बाजूने सुसाट जात होत्या. पाय छान चालत होते, दमही टिकून होता. पाळधीला चहासाठी उतरले आणि बाकावर टेकले मात्र, तशीच उठले. बसवेचना!

सायकलची मूळ सीट अरुंद आणि कडक, म्हणून निघण्याआधी जेलचं जाड कव्हर घेतलं होतं. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलं तर लोण्यासारखं मऊ. तलावाच्या एका चकरेत त्याची काहीच तक्रार नव्हती. दहा-बारा किलोमीटर झाल्यावर मात्र खाली मुंग्या आल्या, पुढे बधिरपणा. दर पाच मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, रक्त उतरू द्यायचं, पुन्हा बसायचं. तीस किलोमीटरचं एरंडोल येता येता मला तिथे कोणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं. पांडववाड्याच्या भिंतीही उभ्यानेच पाहिल्या.

मुक्काम जुन्या शाळेतल्या बाईंकडे. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. बाईंनी पाट मांडला. मी म्हटलं, "मी ओट्याशी उभ्यानेच जेवते." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. आमच्या पिढीतल्या बायकांत या विषयावर एवढंच बोलणं होतं.

दिवस दुसरा : एरंडोल ते पारोळा

आजचं अंतर कमी, पण वेळ कालच्याइतकाच लागला. पारोळ्याच्या अलीकडे एका सायकल दुरुस्तीच्या टपरीशी थांबले. जळगावची लेवा बोली मागे पडून अहिराणी कधी सुरू झाली ते कळलंच नव्हतं, इथे कळलं. "कथा चालनी मावशी?" मिस्त्रीने विचारलं. धुळे म्हटल्यावर त्याने आधी सायकलकडे आणि मग माझ्या चालण्याकडे पाहिलं. जेलच्या कव्हरात अंगठा रुतवून म्हणाला, "मावशी, नरम सीट नही, बराबर सीट पाहिजे."

बाजूला एका शेतकऱ्याची जुनी काळी सायकल टेकवलेली होती. कातडी सीट, खाली जाड स्प्रिंगा. कातडं घासून आरशासारखं चकचकीत आणि मधोमध दोन खळगे. मिस्त्री म्हणाला, हे खळगे मालकाच्या हाडांचे. कातड्याची सीट पहिले काही महिने माणसाला छळते, मग त्याच्या अंगाचा आकार घेते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीने याच गुणावर नाव कमावलं. १८६६ साली घोड्याचं चामडी सामान बनवण्यापासून सुरुवात केलेल्या या कारखान्याने १८८२ मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं. घोड्यावरची कारागिरी लोखंडी घोड्यावर आली, ती अशी. मी हौसेने त्या शेतकऱ्याच्या सीटवर बसून पाहिलं. खळगे भलत्याच जागी. दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं झालं.

मिस्त्रीने कव्हर काढून पिशवीत टाकलं. मग मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवायला लावली. पेडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवून गुडघा सरळ व्हायला हवा. म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. माझी टाच पोचेचना. सीट दोन बोटं उंच होती, म्हणून प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डोलत होती आणि ते डोलणंच मांडीला घासत होतं. त्याने पान्याने सीट खाली घेतली. पैसे घेतले वीस रुपये, तेही मी आग्रह केला म्हणून.

संध्याकाळी पारोळ्याचा किल्ला पाहिला. झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांब्यांचं नातं या गावाशी जोडतात. तटाखाली उभी राहून मी घोड्यांचा नाही, खोगिरांचा विचार करत होते. खोगिरात काथ्या, चिंध्या, मिळेल ते कोंबायचे, म्हणून निरुपयोगी भरणीला आपण खोगीरभरती म्हणतो. माझं साडेचारशे रुपयांचं जेल म्हणजे तीच.

दिवस तिसरा : पारोळा ते धुळे

कंबर डोलायची थांबली. घासणं निम्म्याने कमी झालं. पण दोन्ही बाजूंना, नेमक्या दोन जागी, ठणका राहिला. दादर ज्वारीच्या शेतांमधून छत्तीस किलोमीटर जाताना मी त्या दोन जागांचाच विचार करत होते.

आता खरी अडचण. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आपल्याकडे आहे. माझे जावईबापू खरोखरच डॉक्टर आहेत, तेही हाडांचे. दारात सायकल लावताना मी ठरवलं होतं की गुडघा दुखतोय म्हणून सांगायचं. लेकीने पाणी दिलं, खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, "बसून बसून कंटाळलेय गं." जावईबापू काही बोलले नाहीत.

रात्री जेवणं झाल्यावर ते फ्रिजच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेऊन आले. जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "आई, यावर जरा बसा. पाय वर घ्या, किंचित पुढे वाका, मिनिटभर तशाच राहा. आम्ही गच्चीवर आहोत." आणि लेकीला घेऊन खरंच वर गेले. एवढी सभ्य तपासणी माझी आजवर कोणी केली नव्हती.

पुठ्ठ्यावर दोन खड्डे उमटले होते. मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर साडेबारा सेंटीमीटर. पोथी उघडावी तसा पुठ्ठा मांडीवर घेऊन जावईबापूंनी समजावलं : आपण बसतो ते मांसावर नाही, कटीच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्या हाडांखाली आधार आला की मधली नाजूक जागा मोकळी राहते. गादी फार मऊ असली की हाडं तिच्यात रुततात, गादी मधोमध वर येते आणि भार नेमका नको तिथे, नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. मुंग्या त्याच्याच. आणि माझी मूळ सीट मागे जेमतेम तेरा सेंटीमीटर रुंद, कडेला उतरती. म्हणजे माझी दोन्ही हाडं काठावर लोंबकळत होती. ठणका त्याचा.

दिवस चौथा : धुळे

सकाळी आग्रा रोडवर सीट शोधायला. दुकानदाराने मला पाहिलं आणि न विचारता परातीएवढी, स्प्रिंगांची "लेडीज सीट" काढली. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरीने जास्त असतं, हे खरं. पण सरासरी सायकल चालवत नाही. ताठ बसून बाजारात जाणाऱ्याला रुंद सीट चालते. हँडलवर वाकून तासन् तास पेडल मारणाऱ्याच्या मांड्या तिच्यावर सोलून निघतात. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. दुकानात हसू पिकलं, पण मोजपट्टीही निघाली. साडेबारात दोन्ही बाजूंचा आधार मिळवून साडेपंधरा सेंटीमीटर, मधे खाच, वर बोटभर पण घट्ट फोम. अंगठ्याने दाबलं तर दगडच वाटावा. घेतली. आत पॅड असलेली चड्डीही घेतली. तिच्याखाली दुसरं काही घालायचं नसतं, शिवण रुतते, हे दुकानदाराने छताकडे बघत सांगितलं.

घरी जावईबापूंनी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांची गोष्ट काढली. २०१५ साली दोघांनी मिळून अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. अशा शर्यतींत भले भले पायांनी नव्हे, बसण्याच्या जागेवरच्या फोडांनी जेरीस येतात म्हणे. मला एकदम प्रतिष्ठित वाटू लागलं.

दुपारी धुळ्याच्या तुरुंगाची आठवण निघाली. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, विनोबा इथे गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. मी शाळेत सहावा अध्याय शिकवलेला. ध्यानाचं आसन फार उंच नको, फार सखल नको, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र असे तीन थर असले तरी ते स्थिर हवं, असं त्यात सांगितलंय. पस्तीस वर्षांत विद्यार्थ्यांना हे कितीदा सांगितलं असेल! अर्थ मात्र पारोळ्याच्या अलीकडे टपरीवर, भिंतीला धरून बसले तेव्हा कळला.

दिवस पाचवा : धुळे ते लळिंग आणि परत

नव्या सीटची परीक्षा. मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंग, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. पहिल्या पाच किलोमीटरमध्येच ध्यानात आलं की मी सारखी पुढे घसरतेय आणि मनगटांवर भार येतोय. सीटचं नाक खाली झुकलं होतं. रस्त्याच्या कडेला थांबून एलन चावीने बोल्ट सैल केला, सीटवर वही ठेवून समपातळी पाहिली, पुन्हा आवळलं. पुढे दोन किलोमीटरवर सीट अर्ध्या बोटाने मागे सरकवली. मग हात हलके झाले.

दुखलं नाही असं नाही. दोन हाडांच्या जागी थोडं दुखलं, पण ते काम केलेल्या हातासारखं दुखणं होतं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. नवी सीट म्हणजे नवी सून. तिला आणि घराला महिनाभर तरी द्यायला हवा.

लळिंगच्या किल्ल्याखाली चहाच्या टपरीवर थांबले. पोराने फळकुटाचा बाक फडक्याने पुसला. "बसा मावशी." मी बसले. चहा अर्धा झाल्यावर लक्षात आलं, चार दिवसांत पहिल्यांदाच मी बसताना विचार केला नव्हता.

परतल्यावर जावईबापूंनी विचारलं, "आई, गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काहीच झालं नव्हतं," मी म्हटलं.

"माहितेय," ते म्हणाले, आणि पुठ्ठा रद्दीत टाकायला निघाले. मी तो मागून घेतला. उद्या सोनगीर.

(क्रमशः)