ऑक्टोबरचं ऊन आणि टोमॅटोची रोपं

अमेरिका-इंग्लंडातली आपली मंडळी एप्रिल-मे महिन्यात टोमॅटोची रोपं घराबाहेर काढतात, ती थंडीला भीत भीत. आम्हा बहारीनकरांचं सगळंच उलटं! आमचं बी सप्टेंबरात रुजतं, तेही ए.सी.च्या गारव्यात, आणि आमची रोपं घाबरतात ती उन्हाला.

इथलं पंचांगच वेगळं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास, ऑक्टोबरातही दुपारी ३२-३३ अंश. रात्री फार उबदार असल्या की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. त्यामुळे हाती लागतात नोव्हेंबर ते एप्रिल एवढेच महिने. रोप करपलं तर नवं वाढवण्यात पुन्हा महिना जाणार आणि हंगाम निम्मा संपणार. म्हणून त्यांना काटक करण्याचे ऑक्टोबरातले आठ-दहा दिवस मोलाचे.

खिडकीत वाढलेलं रोप दिसायला टवटवीत, पण पान नाजूक, खोड लुसलुशीत. त्याला एकदम उन्हात ठेवलं की पानांवर पांढरे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी सकाळी तासभर सावलीत, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोवळं ऊन आणि शेवटी रात्रभर बाहेर मुक्काम. हवा लागली की खोड जाड होतं. मात्र ‘शमाल’, म्हणजे वायव्येचा जोरदार वारा सुटला की रोपं भिंतीच्या आडोशाला न्यावीत. आणि हो, बाल्कनीतल्या ए.सी.च्या गरम झोतासमोर तर मुळीच ठेवू नयेत!

उन्हाला चाळणी लावण्याची युक्ती या बेटाला जुनीच आहे. बुदय्याच्या बाजूला गेलं की खजुराच्या बागा दिसतात. त्यांच्या विरळ सावलीत भाजीपाला घ्यायची इथली परंपरा. आम्ही फ्लॅटवाले तेच काम हिरव्या जाळीकडून करून घेतो.

पाण्याची गोष्ट मात्र हळवी. अधारीच्या झऱ्यावर एके काळी इथल्या बागा पोसल्या जात. ‘अधारी लांबच्यांना पाजते, जवळच्यांना विसरते’ अशा अर्थाची इथे एक म्हणच आहे. दर महिन्याला गावी पैसे पाठवणाऱ्यांना ती चटकन कळते! पुढे जमिनीतून उपसा फार झाला, झरे आटले आणि भूजलात खारेपणा शिरला. आज आपल्या नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी. ते वाया घालवू नये. या दिवसांत रोपांना पाणी कमी वेळा द्यावं, पण द्याल तेव्हा कुंडीखालून थोडं निथळू द्यावं, म्हणजे क्षार साचत नाहीत. पान मलूल होईपर्यंत मात्र वाट पाहू नये. खतही या आठवड्यात नको, नाहीतर पुन्हा लुसलुशीत वाढ होते.

आमच्याकडे ट्रे बाहेर नेण्याचं काम मुलांकडे असतं. ए.सी.तून ए.सी.त वावरणाऱ्या पोरांना शाळेच्या बसआधी दहा मिनिटं सकाळची हवा लागते. रोपांबरोबर तीही थोडी काटक होतात, दुसरं काय!

दहाव्या दिवशी ऊन उतरल्यावर रोपं मोठ्या कुंडीत लावावीत, खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडून. त्या खोडालाही मुळं फुटतात. सगळं जमलं तर जानेवारीत पहिले टोमॅटो लाल होतील. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या कशाला? घरचे टोमॅटोच लुटू या!