करंबळ आणि कॅरम

पहिल्या वर्षी, ओळखीच्या तासाला, सरांनी प्रत्येकाला आवडते फळ विचारले. मी ‘करंबळ’ म्हणालो. वर्ग हसला. आमच्या परसात त्याचे झाड आहे. पाच धारांचे आंबट फळ, आडवे चिरले की चांदणी दिसते. आजी त्याचे लोणचे घालते. पण त्या दिवसापासून वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही.

जिमखान्यात मात्र माझे बोट बोलू लागले. कॅरमच्या पटावर 9 पांढऱ्या, 9 काळ्या सोंगट्या आणि मध्ये लाल राणी; तिथे कुणाचे इंग्रजी चांगले, हे कोणी विचारीत नाही. बाबांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “शिकूक गेलंस की खेळूक?” आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मला उत्तर सुचले नाही.

यंदा पावसाळ्यात जिमखान्यात वाद निघाला, ‘कॅरम’ हा शब्द कुणाचा? सगळे म्हणाले, इंग्रजी. मी ग्रंथालयात जाऊन जाडजूड कोश उघडला. इंग्रजीत ‘कॅरम’ म्हणजे बिलियर्डमध्ये एका चेंडूने दोन चेंडूंना लागोपाठ टिपणे. तो शब्द फ्रेंच ‘कॅरॅम्बोल’चा तुकडा, आणि कॅरॅम्बोल म्हणजे बिलियर्डचा लाल चेंडू. त्याच्याही मागे ‘करांबोला’ हे फळ असावे, असे काही कोशकार मानतात. त्या फळाचे पोर्तुगीज नाव कुठून आले? कोशात लिहिले होते: मराठी, ‘करंबळ’.

मी ती ओळ तीनदा वाचली. गार्सिया द ऑर्ताने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळाची चर्चा आहे, हेही मागाहून कळले. म्हणजे आमच्या परसातला शब्द गलबतात बसून गेला आणि खेळाचे नाव होऊन परत आला, तेव्हा आम्हीच त्याला ओळखले नाही. हसणाऱ्यांत आणि मान खाली घालणाऱ्या माझ्यात मग फरक तो काय?

सुट्टीत बाबांना हे सांगितले. ते बराच वेळ झाडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपला करंबळ विलायतेक जावन इला?”

“होय,” मी म्हणालो. त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा त्यातच होते.