नाव एक, नोंदी अनेक

मालेगाव हे नाव महाराष्ट्रात एकाच गावाचे नाही. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव यंत्रमागांसाठी आणि तेथील हौशी चित्रपटांसाठी देशभर ठाऊक आहे. वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, ज्याला मालेगाव जहांगीर असेही म्हणतात, ते मात्र सोयाबीन-तुरीच्या मुलखातील तालुक्याचे गाव. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना ते ओळखीचे आहे. म्हणूनच येथील व्यापारी बिलावर, बिल्टीवर आणि पाकिटावर 'जि. वाशिम' लिहिण्यास चुकत नाही. नुसत्या नावावर विसंबले तर माल शेकडो किलोमीटर भलतीकडे जाऊन पडायचा.

अलीकडे घराघरांत असाच घोटाळा एका परक्या शब्दाने मांडला आहे. तो शब्द म्हणजे 'अ‍ॅनिमे'. मुलांच्या तोंडी तो सतत असतो. वडीलधाऱ्यांच्या लेखी त्याचा अर्थ एकतर 'लहान मुलांची कार्टुने' असा असतो, नाहीतर 'मारामारीची जपानी चित्रे' असा. पहिल्या अर्थाने दुर्लक्ष होते आणि दुसऱ्याने बंदी येते. दोन्हींत पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

येथील एका आडत्याच्या घरी वेळ बंदीवर आली होती. सूर्यास्तापूर्वीचे जेवण सर्वांनी एकत्र करावयाचे, हा त्या घराचा जुना नेम. अकरावीतला मुलगा कानांत बोंडे खुपसून पानावर बसू लागला, विचारले तेवढेच बोलू लागला आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीतला उजेड दिसू लागला. बाजार समितीतून आलेल्या वडिलांनी एका संध्याकाळी निर्वाणीचे सांगितले, "उद्यापासून घरातले वायफाय बंद." त्यावर आजोबा शांतपणे म्हणाले, "कोठाराला कुलूप लावण्याआधी आत काय आहे, ते तरी पाहू." त्यांनी नातवाला कोरा कागद दिला आणि मित्रमंडळी ज्या मालिका पाहा म्हणून सांगतात, त्यांची यादी लिहावयास लावली. नातवाने अकरा नावे लिहिली.

आजोबांचा पहिला प्रश्न सरळ होता. "बेटा, यांना अ‍ॅनिमे म्हणायचे आणि इतरांना कार्टून, हे ठरते कशावरून?"

"जपानमध्ये बनते ते अ‍ॅनिमे, आजोबा."

"मग तुझे बाबा लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनसमोरून हलत नसत, तो मोगली कुठला?"

नातवाने शोधून पाहिले आणि तोच चकित झाला. 'द जंगल बुक' ही ५२ भागांची मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली. तिच्या हिंदी रूपात शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. ज्यांना हा शब्दच ठाऊक नव्हता, ते वडील बालपणीच अ‍ॅनिमे पाहून बसले होते! त्या संध्याकाळी वायफायचा विषय पुढे ढकलला गेला.

शब्दाचा इतिहासही असाच गमतीचा आहे. इंग्रजीतील 'अ‍ॅनिमेशन' हा शब्द जपानी लोकांनी आखूड केला आणि 'अ‍ॅनिमे' झाले. खुद्द जपानात कोणत्याही देशाच्या चलत्‌चित्राला हा शब्द चालतो. त्या हिशेबाने अमेरिकेचा मिकी माऊस आणि हैदराबादेत घडलेला आपला छोटा भीम, दोघेही अ‍ॅनिमेच. जपानबाहेर मात्र तो 'जपानी बनावटीचे चलत्‌चित्र' एवढ्याच अर्थाने रूढ झाला. म्हणजे हा शब्द माल कोठून आला ते सांगतो. माल कसा आहे, ते सांगत नाही.

ही कला जपानचीच मिरास आहे, असेही नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या नाचविल्या होत्या. जपानमधील पहिले चलत्‌चित्रपट पडद्यावर आले ते १९१७ मध्ये. पुढे जपानने जे साधले ते धंद्याच्या अंगाने पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यावयाचा, तर हजारो चित्रे काढण्याएवढा वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता. तेव्हा चित्रे कमी केली. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवावयाचे, पात्र जागेवर ठेवून मागचे दृश्य सरकवावयाचे. मालिका तेझुकांनी वाहिनीला खर्चापेक्षा कमी दराने विकली आणि तूट खेळणी व चित्रांच्या परवान्यांतून भरून काढली. मालिकेची पुरस्कर्ती मिठाई कंपनी आपल्या चॉकलेटसोबत त्या पात्राची चिकटचित्रे देत असे. आज ज्याला 'अ‍ॅनिमेची शैली' म्हणतात, तिच्यातील बरेच काही या काटकसरीतून आले आहे.

तरीही सीमारेषेवरच्या नोंदी राहतातच. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट युगो साको या जपानी दिग्दर्शकाने १९९२ च्या सुमारास पूर्ण केला. त्यात मुंबईचे ज्येष्ठ अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांचा वाटा होता आणि संगीत वनराज भाटियांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत नव्याने झळकला. कथा आपली, हात बहुतांशी जपानी. चाहते त्याला अ‍ॅनिमे मानतात. २०१२ मध्ये हिंदी वाहिनीवर आलेल्या 'सूरज : द रायझिंग स्टार'चा मामला याच्या उलट. जपानमधील गाजलेल्या बेसबॉलकथेवरून ती घडविली गेली, पण नायक मुंबईतल्या झोपडपट्टीतला मुलगा आणि खेळ क्रिकेटचा. याउलट 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' दिसावयास थेट जपानी, पण घडली अमेरिकेत, तिच्यावरून चाहत्यांत अजून वाद होतात. मालाच्या मूळ गावावरून असे वाद व्यापाऱ्यांना नवे नाहीत. त्यांतून हाती येते ते एवढेच, की खात्याचे शीर्षक सोयीसाठी असते. हिशेब कळावयाचा तर नोंदी वाचाव्या लागतात.

आजोबांनी नोंदी वाचावयास घेतल्या. जपानात या कथा ज्या चित्रमालिकांतून येतात, त्यांची मासिकेच वाचकवर्गानुसार वेगळी निघतात. किशोरांसाठीची 'शोनेन', मुलींसाठीची 'शोजो', प्रौढ पुरुषांसाठीची 'सेइनेन', प्रौढ स्त्रियांसाठीची 'जोसेइ'. आपल्याकडे मात्र सगळेच 'चित्रे म्हणजे मुलांची' या एका पोत्यात भरले जाते. 'शिनचॅन' हे याचे ठळक उदाहरण. तो मुळात १९९० मध्ये मोठ्यांच्या चित्रसाप्ताहिकात सुरू झाला होता. आपल्याकडे तो बालवाहिनीवर आला, पालकांच्या तक्रारी झाल्या आणि २००८ मध्ये काही काळ त्याचे प्रसारण थांबले. ज्या 'डोरेमॉन'ला जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वर्षी अ‍ॅनिमेचा राजदूत नेमले, तो खरोखरीच बालकांसाठीचा. दोघे घरात एकाच रांगेत बसले, ही निवड करणाऱ्यांची चूक होती.

यादीतील पहिले नाव होते 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड', २००९ मधील ६४ भागांची मालिका. मेलेल्या आईला किमयेच्या बळावर परत आणू पाहणारे दोन भाऊ. त्या प्रयत्नात एकाचे अख्खे शरीर जाते, दुसऱ्याचा हात आणि पाय. काही मिळवावयाचे तर तेवढ्याच मोलाचे द्यावे लागते, हा त्या जगाचा नियम. जमा-नावे जुळविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कळावयास वेळ लागला नाही. दुसरे नाव 'डेथ नोट'. हुशार विद्यार्थ्याच्या हाती एक वही लागते. तीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो. गुन्हेगार संपवावयाला निघालेला मुलगा स्वतः काय होऊन बसतो, याची ती कथा. आजोबांनी दोन भाग पाहिले आणि नातवाला विचारले, "तो कोठे चुकला असे तुला वाटते?" त्यावर दोघे तासभर बोलत बसले. कित्येक महिन्यांत तसे झाले नव्हते.

यादीत नसलेले एक नाव नातवाने आपण होऊन सुचविले, 'स्पाइस अँड वुल्फ'. तिचा नायक लॉरेन्स हा गाडीतून माल घेऊन गावोगाव हिंडणारा व्यापारी. चांदीच्या नाण्यातील चांदीचे प्रमाण बदलणार, या बातमीवर त्यात सट्टा चालतो. पुढे लॉरेन्स उधारीवर ऐपतीपेक्षा अधिक चिलखते उचलतो, भाव कोसळतात आणि तो दिवाळखोरीच्या काठावर येतो. २०१५ मध्ये आभाळाला भिडलेले आणि पुढच्या दोन वर्षांत जमिनीवर आलेले तुरीचे भाव ज्या घराने सोसले, त्या घरात हा भाग पाहताना वडीलही दाराशी येऊन उभे राहिले. मालिकेत एक-दोन दृश्ये लहानांसोबत पाहण्याजोगी नाहीत, हेही नातवानेच आधी सांगितले.

आजींनी पाहिला तो हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे'. २००१ चा हा चित्रपट २००३ मध्ये ऑस्कर पारितोषिकाचा मानकरी ठरला. धनी नसलेल्या दुकानातले पदार्थ न विचारता अधाशासारखे खाणारे आईवडील डुकरे होतात आणि त्यांची मुलगी, समोर सोन्याच्या राशी धरल्या तरी, त्यांना हात लावीत नाही. पुढे ते सोने मातीच ठरते. पानावर काय वाढले आहे याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या आजींना ताटे खटकली. गोष्ट मात्र आवडली. मियाझाकी यांच्याच १९८४ मधील 'नाउसिका'त राजकन्या, सारे जग ज्यांना भिते त्या महाकाय कीटकांचा जीव वाचवावयास धावते. इसाओ ताकाहाता यांच्या १९८८ मधील 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'मध्ये १९४५ च्या बॉम्बवर्षावात पोरके झालेले भाऊ-बहीण उपासमारीने विझत जातात. युद्ध वाईट, हे त्यात कोणी बोलून दाखवीत नाही.

गाडी अडली ती 'अटॅक ऑन टायटन'पाशी. पहिल्याच भागात राक्षस नायकाच्या आईला त्याच्या डोळ्यांदेखत खातो. आजोबांनी पडदा बंद करावयास सांगितला. नातू म्हणाला, "शेवटपर्यंत पाहा आजोबा. द्वेष कधी संपतो का, हेच तर त्यात विचारले आहे." आजोबा म्हणाले, "शेवट बरा म्हणून वाटेतले सगळे माफ होत नाही. तू अठरा पूर्ण कर, मग ठरव." मग नातवाने खाली मान घालून सांगितले, की दोन हंगाम आधीच पाहून झाले आहेत. आजोबांनी आवाज चढविला नाही. "पाहताना कसे वाटले?" एवढेच विचारले. "भीती वाटली. तीन रात्री झोप नव्हती. पण सांगणार कोणाला? तुम्ही सगळे नावानेच चिडता."

वडील तेथेच होते. ते काही बोलले नाहीत. जेवणाच्या पानावरचे मौन आणि रात्रीचा उजेड यांचा अर्थ त्यांनी 'वेड' असा लावला होता. त्यांतील काही रात्री मुलगा पाहत नव्हता. पाहिलेले विसरता येत नाही म्हणून जागत होता.

त्या मालिकेवर आजोबा आणि नातवाचे एकमत अजून झालेले नाही. ठरले ते इतकेच, की धाकट्या बहिणीसमोर ती लागणार नाही आणि पुढचे हंगाम तूर्त थांबतील. वायफाय चालू आहे, रात्री दहाला ते बंद होते. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर'चा नवा चित्रपट देशभर लागला, तेव्हा नातवाने तो मित्रांबरोबर परस्पर न पाहता घरी विचारले. त्यात तलवारबाजी किती आहे, हेही स्वतःच सांगितले.

इतर घरांना यातून घेण्यासारखे दोन-तीन व्यवहार आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ऑनलाइन मंचांवरील प्रत्येक मालिकेला वयाची श्रेणी द्यावी लागते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. चित्र गोंडस आहे की नाही, याआधी ती श्रेणी पाहावी. मुलाकडून यादी मागून घ्यावी आणि तीतील निदान एक मालिका त्याच्याशेजारी बसून पाहावी. हिंसा आहे का, एवढ्यावर न थांबता ती हिंसा कथेला रुचते आहे की सलते आहे, हे मुलालाच विचारावे. मुलांची उत्तरे बहुधा अपेक्षेपेक्षा सरस असतात.

उधारी देताना आपला समाज माणूस पाहतो, पेढीच्या पाटीवर जात नाही. मुलांच्या हातातील पडद्यालाही तेवढीच पारख लावावी. पाटी पाहून दार लावले तर वाईट माल बाहेर राहीलच याची शाश्वती नाही. मूल मात्र त्या मालासह आत एकटे राहते.