सव्वाशे ग्रॅम तांदळाचा तोरणा

माझी आत्या दर रविवारी तोरण्यावर ताक विकायची. पहाटे वेल्ह्यातून निघायची. डोक्यावर ताकाची कळशी, ओच्यात मिठाची पुडी. पुण्याची पोरं धापा टाकत बिनी दरवाजाशी पोहोचायची, तोवर ही सावली धरून बसलेली असायची. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तिच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठं तिचं गडावर जाणं थांबलं.

एका दिवाळीला ओसरीवर चिवड्याचे पोहे चाळता चाळता तिनं मला विचारलं, "तू शरीराचं शिकवतेस ना गं? मग सांग, साठ वर्षं दोन्ही वेळेला भात खातेय. वजन काही पंचेचाळीस किलोच्या वर गेलं नाही. तो एवढा भात गेला कुठं?"

मी नर्सिंगच्या मुलींना जीवरसायनशास्त्र शिकवते. "शक्ती झाली त्याची" असं म्हणून मी सुटणार होते, पण जीभ चावली. कारण हे उत्तर चूक आहे आणि परीक्षेत कुणी लिहिलं तर मी गुण कापते. शरीरातल्या रसायनात वस्तूची शक्ती होत नाही. जेवढं वजन आत जातं, तेवढंच कुठल्या तरी रूपात बाहेर पडतं किंवा आत साठतं. शक्तीचा हिशेब वेगळा, वजनाचा वेगळा. या दोन वह्या एकत्र केल्या की सगळा घोळ होतो.

आधी शक्तीची वही. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच, म्हणजे वेल्ह्यातून वर जायचं तर साधारण ७०० मीटर चढावं लागतं. आत्या ४५ किलोची, कळशी १० किलोची धरू. ५५ किलो वजन ७०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा भरते जेमतेम ९० किलोकॅलरी. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३५० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पंचवीस-सव्वीस ग्रॅम तांदूळ, एक लहानशी मूठ, आणि आत्या कळशीसकट गडावर!

प्रत्यक्षात एवढ्यात भागत नाही. स्नायू मिळालेल्या ऊर्जेतला पाचवा-चौथा हिस्साच कामाला लावू शकतात, उरलेल्याची उष्णता होते. म्हणून खरा खर्च चौपट-पाचपट, शंभर ते सव्वाशे ग्रॅम तांदूळ. उरलेल्या तीनेकशे किलोकॅलरी अंगातच कोंडल्या असत्या तर आत्याचं अंग सात-आठ अंशांनी तापलं असतं आणि ती बिनी दरवाजा गाठण्याआधीच कोसळली असती. तिला वाचवतो घाम. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे एका चढणीला अर्धा लिटर पुरे. घामातून गेलेलं पाणी आणि मीठ परत कसं मिळवायचं? आत्या तेच तर कळशीत आणि ओच्यात घालून वर नेत होती.

आता प्रश्न असा, की तांदळात एवढी शक्ती आहे तर कणगीतला तांदूळ आपणहून पेट का घेत नाही? भोवती हवा आहे, हवेत ऑक्सिजन आहे, अडतंय कुठं?

इथं मी फळ्यावर वरंधा घाट काढते. भोर सुमारे ६०० मीटरवर, महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला. भोरहून महाडला जाणं म्हणजे शेवटी उतारच. पण निघाल्या निघाल्या उतार लागत नाही. हिर्डोशीच्या खोऱ्यातून आधी चढून सह्याद्रीची धार ओलांडावी लागते, मग कोकणात उतरायचं. तांदूळ आणि ऑक्सिजन हे भोरला थांबलेले प्रवासी आहेत. उतरायची ओढ आहे, पण मध्ये धार आहे. काडी ओढून पेटवणं म्हणजे त्यांना ढकलत थेट शिखरावरून पलीकडे लोटणं. आपल्या अंगात ३७ अंशांवर ते जमत नाही. म्हणून शरीर घाट बांधतं. या घाटाचं नाव एन्झाइम. घाटामुळे ना भोरची उंची बदलते ना महाडची, म्हणून मिळणारी एकूण ऊर्जाही तेवढीच राहते. फक्त वाट सोपी होते. पावसाळ्यात दरड कोसळली की वरंधा बंद होतो, तशी काही विषं एन्झाइमचा घाट अडवतात. शेतात फवारायच्या काही कीटकनाशकांनी माणूस दगावतो तो असाच. मज्जातंतूंच्या एका एन्झाइमवर दरड पडते.

आणखी एक समज मला दर वर्षी खोडावा लागतो. मुली लिहितात, "अन्नातले बंध तुटले की ऊर्जा सुटते." खरं तर उलटं आहे. दोन लोहचुंबक ओढून वेगळे करायला जोर लागतो, ते खट्कन चिकटतात तेव्हा ऊर्जा सुटते. रेणूंचंही तसंच. भातातले आणि ऑक्सिजनमधले जुने बंध तोडायला ऊर्जा मोजावी लागते. मग कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी जास्त घट्ट जुळतात आणि मोजली त्याहून अधिक ऊर्जा पदरात पडते. म्हणून ऊर्जा एकट्या भातात नसते, ती भात आणि हवा यांच्या जोडीत असते. पोट कितीही भरलेलं असो, श्वास कोंडला की ती जोडी फुटते.

एन्झाइमचा घाट डोळ्यांना दिसावा म्हणून पहिल्या प्रात्यक्षिकाला मी इंद्रायणी तांदळाची पातळ पेज नेते. भोर-वेल्ह्याच्या मुलींना तिचा वास लगेच कळतो. इंद्रायणी ही आंबेमोहराची लेक, आयआर-८ या ठेंगण्या वाणाशी त्याचा संकर करून वडगाव मावळच्या केंद्रात काढलेली. तीन परीक्षानळ्यांत पेज घ्यायची. एकीत नुसती पेज. दुसरीत एखादीनं थुंकायचं, आणि यावर दर वर्षी लाजणं-हसणं होतंच. तिसरीत तीच लाळ, पण आधी उकळलेली. नळ्या दहा मिनिटं मुठीत धरायच्या, मग प्रत्येकीत आयोडीनचा थेंब. पहिली काळीनिळी होते, कारण स्टार्च जागच्या जागी आहे. तिसरीही काळीनिळी, कारण उकळल्यानं लाळेतलं एन्झाइम मोडलं. दुसरी मात्र आयोडीनसारखीच पिवळसर तपकिरी राहते. वर्गात शांतता पसरते. पेजेतला स्टार्च मुठीत असतानाच गोड साखरेकडे निघालेला असतो. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो याचमुळे.

पुढं आतड्यात त्या स्टार्चचं ग्लुकोज होतं आणि ते पेशीत पोहोचतं. तिथं ते एकदम जाळलं तर पेशीच खाक होईल. उतारावरची खाचरं आठवा. डोंगराचं पाणी सुसाट सोडलं तर माती धुऊन नेईल. म्हणून बांध घालून पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरवतात, एकेक पायरी. पेशीत ग्लुकोजचं पायरूव्हेट होतं ते दहा पायऱ्यांनी, पुढं क्रेब्ज चक्राच्या आठ, आणि मग इलेक्ट्रॉनही टप्प्याटप्प्यानं खाली उतरतात. अशी टप्प्याटप्प्यानं थोडीथोडी ऊर्जा हाती लागते.

ती ऊर्जा धरून ठेवायची तऱ्हा आमच्याकडच्या मुलींना भाटघरचं धरण दाखवून सांगता येते. वेळवंडी नदी अडवली, पाणी एका बाजूला उंच चढलं, ते खाली सोडलं की टर्बाइन फिरतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात पातळ पडद्याचं धरण असतं. उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला साठवले जातात. ते एका प्रथिनातून परत येताना त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो आणि एका फेरीत एटीपीचे तीन रेणू घडतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा फारशी कुणाला पटली नाही. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळालं.

एटीपी म्हणजे पेशीतली सुटी नाणी. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना हा पदार्थ स्वतंत्रपणे सापडला. अंगात तो एका वेळी शंभर ग्रॅमसुद्धा नसतो, पण दिवसभरातली उलाढाल आपल्या वजनाच्या घरात जाते. तीच नाणी पुन्हा पुन्हा फिरतात.

घाईनं चढणाऱ्यांच्या मांड्यांना ऑक्सिजन पुरत नाही, तेव्हा ग्लुकोज अर्ध्या वाटेवर थांबून लॅक्टिक आम्लाकडे वळतं. ताक आंबट होतं तेही लॅक्टिक आम्लानंच, फक्त तिथं ते जिवाणू करतात. पण दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष या आम्लाला देऊ नका. ते तास-दीड तासात निस्तरलं जातं. दुखतात ते स्नायूंना पडलेले बारीक चिरे, आणि ते चढण्यापेक्षा गड उतरतानाच जास्त पडतात.

आता वजनाची वही. १०० ग्रॅम स्टार्च शरीरात पुरता जळतो तेव्हा सुमारे ११८ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि १६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ५५ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतो. डाव्या-उजव्या बाजूची बेरीज जुळते. शक्तीपायी हिशेबात धरावं असं वजन कुठंच घटत नाही. आत्याच्या साठ वर्षांच्या भाताचा जवळजवळ सगळा कार्बन तिच्या नाकातून गेला.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "म्हणजे चुलीसारखंच की. लाकूड जातं, ऊब राहते."

मी चाट पडले. तिला सांगितलं, की १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं, किती बर्फ वितळला ते मोजलं, आणि श्वास घेणं म्हणजे संथ जळणंच आहे असा निष्कर्ष काढला.

आत्यानं फुंकणी खाली ठेवली. "त्यासाठी मुक्या जनावराला बर्फात कशाला घालायचं? थंडीत एक रात्र गोठ्यात म्हशीशेजारी निजले असते तरी कळलं असतं."